पंप उघडलाच नव्हता : जुन्या डिझेल गाडीच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की जुन्या डिझेल गाड्यांचे मालक गॅरेजच्या दारात दिसू लागतात. माझ्या 2006 सालच्या, कॉमन रेल (संगणकाने नियंत्रित होणारी नवी इंधन-यंत्रणा) नसलेल्या गाडीच्या बाबतीत उपनगरातल्या एका गॅरेजने जे केले ते तपशिलाने लिहीत आहे, कारण ही युक्ती माझ्या एकट्यावरच वापरली गेली असेल असे मला वाटत नाही.

सकाळी सेल्फ मारल्यावर गाडीचे इंजिन बराच वेळ नुसतेच फिरत असे, सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येई आणि मग ती अडखळत सुरू होई. एकदा तापली की दिवसभर कसलीही तक्रार नसे. गॅरेजमालकाने धूर पाहताच ‘पंप-नोझल गेले’, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल दाबाने सोडणारा पंप आणि त्याचे फवारे खराब झाले, असा निकाल दिला. हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग, पाहिले का, असे विचारल्यावर त्याने चावी फिरवून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दाखवला आणि ‘हीटर पेटतोय साहेब, दोष तिकडे नाही’ असे सांगितले. पंपाचे कॅलिब्रेशन (पंप यंत्रावर तपासून त्याचे माप पुन्हा बसवणे) आणि चार नोझल यांचे 26,500 रुपये घेऊन त्याने गाडी भर दुपारी, इंजिन आधीच तापवून, माझ्या ताब्यात दिली. ती अर्थातच पहिल्या सेल्फला सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच धूर निघाला. यावर त्याचे उत्तर ‘जुनी डिझेल थंडीत अशीच वागते’ एवढेच होते.

पिवळा दिवा फक्त हीटर प्लगचा टायमर चालू असल्याचे दाखवतो. जुन्या गाड्यांत चारही प्लग जळालेले असले तरी तो नेमाने लागतो आणि विझतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, म्हणजेच इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण दाबलेल्या हवेची उष्णता थंड धातू शोषून घेत असल्याने ते पेट घेत नाही. अशा वेळी संशय आधी हीटर प्लग आणि त्यांना वीज पोहोचवणाऱ्या रिलेवर, मग मंद फिरणारा सेल्फ म्हणजे बॅटरीवर, आणि त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) व पंपाच्या टायमिंगवर (डिझेल सोडण्याच्या वेळेवर) जायला हवा. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरत असेल, तर सेल्फ मारताना धूर जवळपास दिसतच नाही आणि फिल्टरवरचा हातपंप दाबल्यावर गाडी लवकर सुरू होते. झिजलेला रोटरी पंप (अशा जुन्या गाड्यांतला डिझेल पंप) तर बहुधा उलटे लक्षण दाखवतो : डिझेल तापून पातळ झाल्यावर, म्हणजे गरम इंजिनालाच, तो त्रास देतो. हे त्या मालकाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

नाना पेठेत सुटे भाग घेताना ओळख झालेल्या एका वयस्क फिटरने गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिनावरच हात घातला. प्लगना जोडणारी पट्टी त्याने आधी सोडली, कारण ती तशीच राहिली तर एक चांगला प्लग बाकीच्यांचे दोष झाकतो. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एकेका प्लगला टेस्ट लॅम्प लावला; प्लग चांगला असेल तरच तो लागतो. चारपैकी तीन ठिकाणी दिवा लागलाच नाही. नवे प्लग काही शे रुपयांना एक असे मिळाले आणि गाडी धुराविना सुरू होऊ लागली. खरा धक्का पुढे होता. पंपाच्या नटांवर वर्षानुवर्षांची तेलकट धूळ तशीच होती, पाइपांच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर जुनेच होते आणि नोझलवर पान्याची ताजी खूण नव्हती. कॅलिब्रेशन झाले असते तर पंप इंजिनावरून उतरवावाच लागला असता.

म्हणून असे काम सांगितले गेल्यास गाडी आदल्या संध्याकाळी सोडावी, तपासणी सकाळी आपल्या समोर थंड इंजिनावर करून घ्यावी, काढलेले नोझल परत मागावेत आणि पंप ज्या दुकानात बसवून तपासला त्याचा चाचणी-अहवाल बिलाला जोडून घ्यावा. ताबाही सकाळीच घ्यावा. दुपारी सुरू झालेली गाडी काहीच सिद्ध करत नाही. बिलावर कामाचा स्पष्ट उल्लेख असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही ती नोंदवता येते.

मी छायाचित्रांसह लेखी नोटीस पाठवली आहे. मूळ बिल परत दिल्यास निम्मी रक्कम रोख देतो, असा निरोप गॅरेजमालकाने पाठवला होता. तो मी नाकारला असून आयोगाकडे द्यायचा अर्ज तयार करत आहे.