कचरा कप आणि माझी लालपरी: फुकटच्या टूर्नामेंटमध्ये वॉलेट कसं साफ झालं

आधीच सांगतो, गेमचं नाव टाकत नाहीये, कारण चूक गेमवाल्यांची नव्हतीच, आणि नाव टाकलं की निम्मे लोक "आपण कुठं तो खेळतो" म्हणून पुढं निघून जातील. अंतराळातल्या जहाजांचा गेम, पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर चालणारा, प्रत्येक जहाज म्हणजे एक एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर आपल्या नावानं नोंदलेली डिजिटल वस्तू, आपल्या स्वतःच्या वॉलेटात, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटात. 2023 च्या पावसाळ्यातली गोष्ट.

मी नाशिकला, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचर तपासतो, एक सही इकडची तिकडं झाली तर कागद परत पाठवतो. हे मुद्दाम सांगतोय.

तर त्या गेममध्ये तेव्हा तीन मोड होते. एकास एक, तीन-तीन जहाजांचा ताफा, आणि खाणकामाचा मोड ज्यात लघुग्रह फोडून माल आणायचा आणि वाटेत कुणी गाठलं तर सगळा माल त्याचा. टूर्नामेंट मात्र फक्त ताफ्याच्या मोडमध्ये, आणि तिथं ज्याच्याकडे लेजंडरी, म्हणजे दुर्मिळ आणि महागडी जहाजं तो जिंकणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आमच्यासारख्यांनी अडीच-तीन हजाराची कॉमन जहाजं घेऊन तिथं उतरायचं म्हणजे ट्रकसमोर लूना घालायची, आणि मी कायनेटिकवाली लूना म्हणतोय, क्रिप्टोवाली नाही, त्या नाण्याचा भाव 2022 च्या मे महिन्यात जवळजवळ शून्यावर आला.

डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळाडूंच्या गप्पांच्या ॲपवर, यावरून रोज भांडणं. एक पार्टी म्हणायची आम्ही पैसे घातलेत मग आम्हीच जिंकणार ना, दुसरी म्हणायची मग बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायला यायचं का. मी एका रविवारी बसून लांबलचक लिहिलं की कुस्तीत वजनी गट असतात तसे इथं पण करा, फक्त कॉमन जहाजं, अपग्रेड बंद, नकाशा दोघांना सारखा, 64 खेळाडू, स्विस पद्धतीनं (कुणी बाद न होता, सारखे गुण असलेले एकमेकांशी) सहा फेऱ्या आणि मग वरच्या आठांची बाद फेरी. नाव गमतीत टाकलं "कचरा कप". लोकांना आवडलं, अर्थ सांगितल्यावर परदेशी पोरं पण हसली.

आणि तिथंच तो भेटला. नवा नव्हता, महिना-सव्वा महिना सर्व्हरवर, म्हणजे डिस्कॉर्डच्या आमच्या ग्रुपवर होता, मॅचेसबद्दल बरंच काही लिहायचा. मला वाटायचं फसवणारा माणूस गोडगोड बोलत असेल, हा तर माझ्याशी वाद घालायचा. गुण सारखे झाले तर पुढं कोण जाणार, उरलेली ढाल मोजायची की समोरच्यांचे गुण मोजायचे, यावर आमचं तीन दिवस चाललं होतं. शेवटी त्याचं म्हणणं बरोबर निघालं, मी ते कबूल पण केलं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

एका गुरुवारी रात्री त्याचा मेसेज, तुझा कप होतोय. वेगळी साइट, वेगळा सर्व्हर, वर मोठ्या अक्षरात कचरा कप, खाली माझेच नियम, टायब्रेकचा, म्हणजे गुण सारखे झाल्यावरचा, तो नियमसुद्धा. बक्षीस 1500 यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं, आणि प्रवेश फुकट. फी मागितली असती ना तर मी दहा प्रश्न विचारले असते. शिवाय त्यानं सांगितलं की सामने मुंबई टेस्टनेटवर होणार, खरी जहाजं वापरायचीच नाहीत, सगळ्यांना सारखी नकली जहाजं मिळणार, फक्त तुझ्याकडं एक तरी खरं जहाज आहे एवढं तपासायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पॉलिगॉनचं सरावाचं नेटवर्क होतं त्याचं नावच मुंबई, 2024 च्या एप्रिलमध्ये ते बंद झालं. तिथल्या नाण्यांना काडीची किंमत नव्हती, त्यामुळं तिथं काय वाट्टेल ते क्लिक केलं तरी कुणाचं काही जात नव्हतं. त्यात मुंबई हे नाव ऐकून घरचंच वाटलं, हसा खुशाल.

पावणेबारा वाजलेले, लाइट येत-जात होती, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. साइटवर 64 पैकी 61 जागा भरलेल्या दिसत होत्या. वॉलेट कनेक्ट केलं, इथपर्यंत काही बिघडत नाही, कनेक्ट म्हणजे साइटला फक्त तुमचा पत्ता दिसतो. मग "जहाज पडताळणी" असं बटण. मेटामास्कची, म्हणजे माझ्या वॉलेट ॲपची, खिडकी उघडली. त्यात वर नेटवर्क लिहिलेलं होतं पॉलिगॉन मेननेट, म्हणजे खरं नेटवर्क, मुंबई नाही. मधे लिहिलं होतं सेट अप्रूव्हल फॉर ऑल. खाली गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, काही पैसे. या तीन ओळी, तिन्ही खऱ्या, तिन्ही माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी दुसऱ्यांची व्हाउचर परत पाठवणारा माणूस त्या न वाचता कन्फर्म दाबून मोकळा झालो.

आता यात नेमकं काय झालं ते नीट समजून घ्या. सेट अप्रूव्हल फॉर ऑल म्हणजे त्या कलेक्शनमधलं, इथं त्या गेमच्या जहाजांमधलं, तुमचं प्रत्येक एनएफटी समोरच्यानं हवं तेव्हा उचलायचं, तुम्हाला परत न विचारता. एक कॉमन जहाज दाखवायला गेलात तरी लेजंडरी पण त्यातच आलं, आणि उद्या नवीन घ्याल तेही. आपण सवयीनं दाबतो कारण खऱ्या बाजारात विकायला जहाज लावताना पहिल्यांदा हीच परवानगी मागतात. पण टूर्नामेंटला ती लागायचं कारणच नाही. तुमच्या पत्त्यावर किती जहाजं आहेत हे बघायला कुणालाच परवानगी लागत नाही, ब्लॉकचेन ही उघडी वही आहे, पत्ता टाका आणि बघा. पत्ता तुमचाच आहे हे सिद्ध करायला नुसती मेसेजवर सही पुरते, तिला गॅस लागत नाही. आणि गॅस लागला नाही म्हणून पण निर्धास्त होऊ नका, परमिट नावाची सही असते, फुकटात होते आणि तिच्यावर टोकन, म्हणजे वॉलेटातली नाणी, उचलता येतात, तशीच शून्य किमतीला एनएफटी विकायला काढल्याची सही पण करून घेतात. म्हणजे सहीत काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सुटका नाही.

पुढचं लिहायला जास्त जड जातंय. "नोंदणी झाली, खेळाडू क्रमांक 62" असं आल्यावर मी स्क्रीनशॉट काढून आमच्या मराठी ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं दोनच जागा उरल्यात, भरा पटकन. ग्रुपवर आम्ही पाचजण. एक कोल्हापूरचा, तो मेटामास्कचा पासवर्ड विसरला म्हणून वाचला. एक शारजाला नोकरीला असतो, त्यानं भरलं. साडेबाराच्या सुमारास त्याचा मेसेज, भाऊ माझा हँगर (गेममधलं जहाजांचं गोदाम) रिकामा दिसतोय, सर्व्हर डाऊन आहे का? मी त्याला सांगितलं, कॅशे क्लिअर कर.

मग सहज माझा उघडून बघितला.

चौदा जहाजं होती, एका मिनिटाच्या आत सगळी एकाच पत्त्यावर गेलेली. सुटे मॅटिक, म्हणजे पॉलिगॉनची नाणी, जसेच्या तसे, कारण परवानगी फक्त जहाजांची दिली होती. माझे एकूण एक्केचाळीस हजार गेले, दीड वर्षात थोडे थोडे घातलेले. शारजावाल्याचं एकटं लेजंडरी लाखाच्या वरचं होतं. तो मला एका शब्दानं बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं.

सकाळपर्यंत साइट गायब, तो सर्व्हर गायब, त्याचे जुने मेसेज पण त्यानं काढून टाकलेले. म्हणून सांगतो, असं झालं तर रडायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, साइटचा पत्ता, चॅट, सगळं. ट्रान्झॅक्शनचा हॅश, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, मात्र कुणालाच पुसता येत नाही, तो जपून ठेवा. आणि जहाजं गेली तरी ती परवानगी जिवंतच राहते, ती पॉलिगॉनस्कॅन या पॉलिगॉनचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर जाऊन रद्द करा, मी हे चौथ्या दिवशी केलं, तोपर्यंत एक नवीन जहाज घेतलं असतं तर तेही गेलं असतं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पोलिसांना समजावताना घाम फुटला, साहेबांनी शांतपणे विचारलं, म्हणजे नेमकं जहाज चोरीला गेलंय का? शेवटी त्यांनी डिजिटल मालमत्ता असं लिहून घेतलं. अजून काही हाती लागलेलं नाही.

तक्रारीबद्दल मी डिस्कॉर्डवर लिहिलं तर तासाभरात तिघांचे मेसेज, आम्ही रिकव्हरी एक्स्पर्ट, जहाजं परत आणून देतो, दहा टक्के आधी टाका. खोटं कशाला बोलू, एकाला पैसे पाठवायच्या बेतात होतो, बायकोनं फोन हातातून काढून घेतला. ती म्हणाली, चोराच्या मागं चोर लागलेत तुझ्या. ब्लॉकचेनवर गेलेलं कुणी बाहेरून उलटवून आणत नाही एवढं पक्कं.

ऑफिसमधल्या सीए मित्रानं वर मीठ चोळलं. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के टॅक्स आहे, पण तोटा कुठल्याच कमाईतून वजा होत नाही, पगारातून नाही आणि दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून पण नाही. त्याच वर्षी ॲक्सी या असल्याच एनएफटीवाल्या गेमच्या रोनिन नेटवर्कवरून साठ कोटी डॉलरच्या वर चोरीला गेले आणि कंपनीला सहा दिवस पत्ता नव्हता, हे तो मला समजूत घालायला म्हणून सांगत होता. मला चाळीस मिनिटांत कळलं, तेवढंच समाधान.

डिस्कॉर्डवर आता मोडवरची चर्चा परत जोरात आहे, वजनी गटाचा मोड गेमवाले स्वतःच आणणार म्हणतात. मी काही लिहीत नाही.

माझ्या पहिल्या जहाजाचं नाव मी लालपरी ठेवलं होतं, आपली एसटी. नाव बदलायला गेममध्ये फी लागते, त्यामुळं विकली गेल्यावर पण ते तसंच राहिलंय. परवा लढायांच्या यादीत दिसली, कुणीतरी फिरवतंय. क्लिक करून पूर्ण रिप्ले बघितला. सातव्या मिनिटाला हरली, ढाल डावीकडून कच्ची आहे तिची, त्याला अजून माहीत नाहीये.