बँकॉकात एकच मोकळा दिवस: राजवाडा बघावा की रुळांवरचा बाजार?

बेळगाव-निपाणीकडून बेंगळूरमार्गे थायलंडला जाणाऱ्या ग्रुपच्या पॅकेजात बँकॉकचा शेवटचा दिवस बहुधा ‘मोकळा’ असतो. मोकळा म्हणजे मॉलपाशी नेऊन सोडणार. त्यापेक्षा जुन्या शहरातला राजवाडा आणि देवळं बघा, नाहीतर ७०-८० किलोमीटरवरच्या मेक्लाँगचा रेल्वे बाजार गाठा. दोन्ही एका दिवसात कोंबू नका, निम्मा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो.

आई-वडील बरोबर असतील तर फार विचार न करता जुनं शहर. ग्रँड पॅलेसचं, म्हणजे या राजवाड्याचं तिकीट माणशी ५०० बात (थायी चलन), म्हणजे घरातल्या चौघांचं धरलं तर खिशाला चांगलंच लागतं. पण आतल्या देवळाच्या ओवऱ्यांत अख्खं रामायण १७८ चित्रांत रंगवलेलं आहे आणि आपल्या मंडळींना तिथं कुणी समजावून सांगावं लागत नाही. पांढरा मारुती लगेच ओळखू येतो. थायी रामायणातला मारुती ब्रह्मचारी नाही, एवढं मात्र आजीला सांगू नका! गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. गेटबाहेर कुणी ‘आज राजवाडा बंद आहे’ म्हणत टुकटुकमध्ये बसवायला लागला तर त्याच्याकडं बघूही नका, तो रत्नांच्या दुकानात नेऊन उभा करतो.

तिथून चालत ‘वाट फो’ या देवळात जाता येतं, तिकीट ३०० बात. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध सगळेच बघतात. मसाज करून घ्यायचं मात्र बरेच जण संकोचानं टाळतात. पारंपरिक थाई मसाजची शाळा याच आवारात आहे. यात तेल लागत नाही, कपडेही अंगावरच असतात. गादीवर झोपवून कोपर, गुडघा, तळपाय लावून अंग असं ताणतात की पहिली दहा मिनिटं आपण आलो कशाला असं वाटतं. उठल्यावर कंबर हलकी झालेली असते. नदीपलीकडचं ‘वाट अरुण’ हे देऊळ वेळ उरला तर.

मेक्लाँगची गंमतच वेगळी. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटात गाडी यायच्या वेळी भाजीवाल्यांनी थेट रुळांवर पाट्या मांडाव्यात, तसा हा बाजार आहे. दिवसात चार वेळा गाडी येते, चार वेळा परत जाते. भोंगा झाला की ताडपत्र्या मागं ओढल्या जातात, चाकांवरच्या फळ्या आत सरकतात आणि बुटक्या भाजीच्या पाट्या जागच्या जागी राहून डबे त्यांच्यावरून जातात. गाडी मुंगीच्या पावलानं येते, तरी भिंतीला चिकटूनच उभं राहा. ती गेल्यावर मिनिटभरात पुन्हा घासाघीस सुरू! गर्दी ओसरली की मासळीकडं वळा. बांबूच्या गोल टोपलीत मावावेत म्हणून मान मोडून बसवलेले छोटे बांगडे ही इथली खासियत.

शुक्रवार ते रविवार असेल तर दुपारनंतर जवळच्या अम्फावाच्या तरंगत्या बाजारात जा. तिथं बँकॉकची माणसंच जास्त येतात आणि होडीतच शेगडी पेटवून मासे, झिंगे भाजून देतात. रात्रीच्या काजव्यांसाठी मात्र थांबू नका, ते पावसाच्या तोंडावर खानापूरच्या जंगलात दिसतात की. इतर दिवशी दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार सकाळी चालू असतो, पण तो पुरता पर्यटकांचा झालाय. होडीत पाय टाकण्याआधी भाव ठरवून घ्या.

माझं मत विचाराल तर धडधाकट मंडळींनी मेक्लाँग-अम्फावाच निवडावं, तेही शनिवार-रविवार साधून. शाकाहारी असाल तर मात्र जुनं शहर सोयीचं, कारण बाजारात भाजीतही मासळीचा सॉस पडतो. जेवण मागताना ‘जे’ म्हणा. त्यात मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळं आपल्याकडच्या जैन मंडळींचंही बरंचसं भागतं, गाजर-मुळ्यासारखी कंदमुळं मात्र असू शकतात. अशा दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसतात. बाजारात ती सापडतीलच असं नाही, म्हणून दशम्या आणि शेंगाचटणी पिशवीत असू द्या.