बँकॉक की चियांग माई? थायलंडमध्ये बिऱ्हाड करण्याआधी

थायलंडमध्ये राहायला जायचं म्हटलं की फुकेत, पटाया, हुआ हिन, सामुई अशी नावं पुढे येतात. सुट्टीसाठी ती छानच आहेत. पण वर्षभर राहायचं, म्हणजे भाजी आणायची, बँकेत खेटे घालायचे, रात्री-अपरात्री डॉक्टर गाठायचा, तर बहुतेकांची निवड शेवटी दोन शहरांवर येऊन थांबते: बँकॉक आणि चियांग माई. मी दोन्हीकडे राहिलो आहे आणि दोन्ही मला मनापासून आवडतात. तरी कुणी सल्ला विचारला की भाड्याचा विषय मी नंतर काढतो. आधी विचारतो, मार्च महिन्यात तुम्ही कुठे असणार?

धुराचे दोन महिने

चियांग माई डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलंय. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आसपासच्या शेतांत मक्याची धाटं आणि भाताची खोडं जाळली जातात, डोंगरावरच्या जंगलात वणवे लागतात आणि म्यानमार-लाओसमधल्या आगींचा धूरही इकडेच येतो. या दिवसांत वारा पडलेला असतो. वरच्या उबदार हवेचा थर खोऱ्यावर भांड्यावरच्या झाकणासारखा बसतो आणि पाऊस येईपर्यंत हलत नाही. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, थायलंडची स्वतःची ३७.५. मार्चमधल्या वाईट दिवसांत चियांग माईचा आकडा शंभराच्या पुढे जातो आणि जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत हे नाव अगदी वर झळकतं.

एरवी निम्मानहेमिन रस्त्यावरून डोई सुथेपचा डोंगर इतका स्वच्छ दिसतो की त्याच्या अंगावरचं सोनेरी देऊळही ओळखू येतं. मार्चमध्ये तो अख्खा डोंगरच दिसेनासा होतो. सकाळी उठल्यावर घसा खवखवतो, गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांना जळका वास येतो, दुचाकीच्या सीटवर राखेचे बारीक कण असतात. जुन्या पद्धतीची सागवानी घरं बघताक्षणी भुरळ घालतात, पण त्यांच्या फळ्यांमध्ये फटी असतात. अशा घरात हवा शुद्ध करणारं कितीही मोठं यंत्र लावा, आकडा खाली उतरत नाही. म्हणून चियांग माईत घर बघताना आधी खिडक्या लावून बघा. निदान एक खोली तरी नीट बंद होणारी हवी.

बँकॉकची हवा चांगली असते असं मी म्हणणार नाही. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात धुरकं साचतं. जानेवारी २०२५ मध्ये तर तीनशेहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या आणि लोकांनी गाड्या घरी ठेवाव्यात म्हणून आठवडाभर मेट्रो आणि बस फुकट केल्या होत्या. पण तिथलं धुरकं येतं-जातं. चियांग माईचं मुक्कामाला येतं, आणि बिऱ्हाड थाटणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

स्वस्ताईचा हिशेब पुन्हा मांडू

चियांग माई स्वस्त आहे, हे खरंच आहे. बँकॉकमध्ये ऑन नुट किंवा फ्रा खनोंगच्या बाजूला, बीटीएस या उन्नत रेल्वेच्या स्टेशनजवळ, एका बेडरूमचा बरा कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, साधारण १५ ते २० हजार बाथला मिळतो. थाँग लोला गेलात की आकडा सहज दीडपट-दुप्पट होतो. चियांग माईत निम्मान भागात तशीच जागा १० ते १५ हजारांत मिळते आणि शहराबाहेर हांग डोंगकडे सरकलं की बँकॉकच्या त्या कॉन्डोच्या भाड्यात अंगणासकट घर मिळतं.

समजा महिन्याला पाच हजार वाचले. वर्षाचे साठ हजार झाले. आता धुराचे दोन महिने समुद्राकाठी कुठेतरी काढायचे तर तिथलं भाडं आणि विमानाची तिकिटं त्यातूनच जाणार, आणि इकडच्या बंद घराचं भाडंही चालूच राहणार. शिवाय चियांग माईत शहराच्या मध्याबाहेर राहिलं तर स्वतःचं वाहन लागतंच. कुटुंब असेल तर बचत जवळजवळ संपते. एकटा माणूस असेल आणि ते दोन महिने भारतात आईवडिलांकडे काढणार असेल, तर मात्र बचत खरी.

अशा एकट्या माणसासाठी एक वेळापत्रक फार नीट जुळतं. जुलै २०२४ मध्ये थायलंडने डीटीव्ही हा व्हिसा आणला. मुदत पाच वर्षं, दर वेळी १८० दिवसांचा मुक्काम आणि खात्यात पाच लाख बाथ असल्याचा पुरावा. परदेशी कंपनीचं काम लॅपटॉपवरून करणाऱ्यांना तो चालतो. थाई कंपनीत नोकरी मात्र त्यावर करता येत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला चियांग माईत यायचं, पावसाचे शेवटचे दिवस, यी पेंग या सणाचे आकाशकंदील आणि डिसेंबरची थंडी अनुभवायची, आणि फेब्रुवारीच्या मध्याला परत निघायचं. गुढीपाडवा घरी होतो.

या वेळापत्रकाने कुठल्याही एका कॅलेंडर वर्षात थायलंडमधले दिवस १८० च्या आत राहतात. हे महत्त्वाचं आहे, कारण १८० दिवस भरले की तुम्ही तिथले करनिवासी ठरता, आणि १ जानेवारी २०२४ पासूनच्या नियमानुसार करनिवासी माणसाने बाहेर कमावलेलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं की ते कराच्या कक्षेत येतं. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही. कागद दाखवावे लागतात. वर्षभर राहणार असाल तर निघण्याआधीच सीएकडे बसा.

मुलं आणि म्हातारी माणसं

सोबत मुलं असतील तर हे वेळापत्रक कोलमडतं. आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष ऑगस्ट ते जून असतं. म्हणजे धूर ऐन भरात असताना शाळा चालू, आणि सुट्टी मिळते ती एप्रिलमध्ये सोंगक्रान या थाई नववर्षाच्या सुमाराला, तीही थोडीच. चियांग माईत लान्ना, प्रेम तिनसुलानोंदा अशा चांगल्या शाळा आहेत, पण मूल दम्याचं असेल तर मी तिकडे पाठवायला सांगणार नाही. बँकॉकमध्ये शाळांची निवड कितीतरी मोठी आहे. एक जमली नाही तर दुसरी शोधता येते.

आईवडिलांना घेऊन जाणार असाल किंवा स्वतः निवृत्त होऊन जाणार असाल, तर दवाखान्याचा विचार आला. साध्या आणि मध्यम आजारांसाठी चियांग माई अजिबात कमी नाही. विद्यापीठाचं महाराज नाखोन रुग्णालय, ज्याला सगळे सुआन डोक म्हणतात, उत्तर थायलंडचा मोठा आधार आहे, आणि खासगी रुग्णालयंही आहेत. पण हृदयाची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया, कर्करोगावर दुसरं मत, दुर्मीळ विकार अशा गोष्टी आल्या की लोक बँकॉकला जातात. बुमरुंग्राद, समितिवेज अशा रुग्णालयांत दुभाषे असतात, आणि बिलंही तशीच मोठी येतात. विमा कुठल्याही शहरात लागणारच. साठी ओलांडल्यावर तो महाग होतो आणि जुने आजार बहुधा वगळले जातात. थायलंडचा विचार पन्नाशीतच करा म्हणून मी लोकांच्या मागे लागतो, त्याचं हे मोठं कारण.

दुसरं कारण व्हिसाचं. निवृत्तीच्या परवान्यासाठी वय किमान ५० लागतं आणि थाई बँकेत आठ लाख बाथ किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. बँकेतली रक्कम अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने हलवायची नाही, आणि त्यानंतरही चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. एवढे पैसे अडकून राहणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

रोजचं फिरणं, रोजचं खाणं

बँकॉकमध्ये गाडीशिवाय आयुष्य निघू शकतं. १९९९ साली बीटीएस सुरू झाली, २००४ मध्ये एमआरटी ही भुयारी मेट्रो, आणि आता मार्गिकांचं जाळं बरंच पसरलंय. जागा बघताना स्टेशनपासूनचं अंतर स्वतः चालून बघा, तेही दुपारी दोन वाजता. नकाशावर आठशे मीटर दिसणारी सोई, म्हणजे गल्ली, त्या उन्हात आणि दमटपणात फार लांब वाटते. अर्थात सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातले मोटरसायकलवाले उभे असतातच.

चियांग माईत लाल सोंगथाओ, म्हणजे शेअर टॅक्सीसारखे टेम्पो आहेत, ग्रॅब आणि बोल्ट या ॲपवरच्या टॅक्सी आहेत, पण मेट्रो नाही. खंदकाच्या आतल्या जुन्या शहरात किंवा निम्मानला राहिलात तर निभतं. बाहेर गेलात की स्कूटर लागणारच. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच, त्यामुळे हात लगेच बसतो, आणि तिथेच लोक गाफील राहतात. दुचाकीसाठी वैध परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी बहुधा पैसे देत नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का आहे का ते भारतातच तपासा, आणि मुक्काम लांबला की थाई परवाना काढून घ्या. गाडी न चालवणाऱ्या ज्येष्ठांनी हांग डोंगच्या सुंदर बंगल्याच्या मोहात पडू नये. तिथे दूध आणायलाही टॅक्सी बोलवावी लागते.

शाकाहाऱ्यांसाठी चियांग माई सरस आहे, हे माझं ठाम मत. शुद्ध शाकाहारी खानावळी तिथे खूप आहेत, आणि अनेक ठिकाणी आपण ताटाकडे बोट दाखवायचं की भातावर दोन-तीन भाज्या येतात, तेही फार थोड्या पैशांत. दोन्ही शहरांत पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दिसलं की निर्धास्त आत जा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध नसतंच, कांदा-लसूणही नसतो. इतर ठिकाणी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. सोम ताम या पपईच्या कोशिंबिरीत माशाचा सॉस आणि सुकी कोळंबी असते, करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते. ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका, एवढं पहिल्याच दिवशी पाठ करा. वाटण आधीच तयार असेल तर मात्र तेही उपयोगाचं नाही. तिथे परतलेली भाजी घ्यावी.

आपल्या किराण्यासाठी बँकॉकचं फाहुरत. गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत डाळी, हिंग, पोहे, मसाले सगळं मिळतं. चियांग माईत भारतीय दुकानं मोजकी आहेत. माणसांचंही तसंच. बँकॉकमधली मराठी कुटुंबं एकत्र येऊन गणेशोत्सव करतात, आणि एरवीही हुआय ख्वांगच्या चौकातल्या गणपतीपुढे थाई लोक झेंडू वाहताना दिसतात. चियांग माईत मराठी बोलायला माणूस शोधावा लागतो. कुणाला ही शांतता हवीहवीशी वाटते. पण सोबत आलेल्या आणि दिवसभर घरी असणाऱ्या जोडीदाराला ती सहा महिन्यांत खायला उठते. हा मुद्दा जाण्याआधी दोघांनी बसून बोलावा.

पासपोर्टसाठी काळजी नको. भारताचा दूतावास बँकॉकला आहे आणि चियांग माईत वाणिज्य दूतावास आहे. मुंबईचं थेट विमान बँकॉकचं. चियांग माईसाठी बहुधा तिथे विमान बदलावं लागतं. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिंग नदीने चियांग माईत मोठा पूर आणला होता, त्यामुळे चांग ख्लानसारख्या नदीलगतच्या भागात तळमजला घेऊ नका. बँकॉकच्या उंच इमारतीत जागा बघत असाल तर २८ मार्च २०२५ च्या भूकंपात काय तडे गेले आणि दुरुस्ती झाली का, हे सरळ विचारा.

करार करताना

भारतातून जागा ठरवू नका. आधी महिन्याच्या भाड्याची खोली घ्या. चियांग माईचा विचार पक्का होत असेल तर एक आठवडा मुद्दाम मार्चमध्ये जाऊन राहा. डिसेंबरात ते शहर कुणालाही आवडतं. वर्षाच्या करारासाठी साधारण दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं मागतात. ताबा घेताना भिंती, नळ, एसी यांचे तारखेसकट फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवा.

विजेचं बिल थेट वीज कंपनीचं येणार की इमारतीचा दर लागणार, हे विचारा. इमारतीचा दर युनिटमागे सात-आठ बाथ असू शकतो, सरकारी चारच्या आसपास. दिवसभर एसी लावून घरून काम करणाऱ्याला हा फरक दर महिन्याला जाणवतो.

आणि घरमालकाला टीएम ३० बद्दल विचारा. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी कायद्याने त्याची असते. तो कागद नसेल तर पुढे मुदतवाढीला अडथळा येतो. सलग मुक्काम असेल तर दर ९० दिवसांनी पत्ता कळवणं हे वेगळं काम, ते तुमचं. चुकलं तर दंड होतो. बँकॉकचं इमिग्रेशन कार्यालय शहराच्या उत्तर टोकाला चेंग वत्तनाला आहे, आता तिथे मेट्रोची गुलाबी मार्गिका जाते. चियांग माईचं विमानतळाजवळ. ‘टीएम ३० कशाला, कुणी विचारत नाही’ असं म्हणणाऱ्या घरमालकाची जागा कितीही आवडली तरी घेऊ नका.