कंट्रोल लाइनवर रेडिओ थ्रॉटल: आठ महिने आणि एक स्प्रिंग

कंट्रोल लाइन म्हणजे दोन बारीक तारांनी (लाइन्सनी) हातातल्या हँडलला बांधलेलं, आपल्याभोवती गोल फिरणारं छोटं विमान. माझ्या विमानाच्या मोटरचा वेग, म्हणजे थ्रॉटल, मी रेडिओ रिमोटने सांभाळतो. गेल्या रविवारी नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे, नेहमीच्या पडीक तुकड्यावर, बॅटरी जोडायच्या आधी सवयीने रिमोटचा ट्रिगर दाबून पाहिला. आत 'टिक' झालं आणि ट्रिगर एसटीच्या खिडकीच्या काचेसारखा खुळखुळायला लागला. घरी येऊन उघडला तर स्प्रिंगचा एक पाय मुळापासून तुटलेला. वजन अर्धा ग्रॅमसुद्धा नसेल.

विकणाऱ्याला फोन केला. स्प्रिंग सुटी मिळत नाही. पूर्ण सेट पाठवा, जायचं-यायचं कुरिअर तुमचं, तपासणीचे 600 रुपये वेगळे. वॉरंटी सहा महिन्यांची, ती संपलेली. वर प्रश्न, "तुम्ही ट्रिगरला काही केलं होतं का?" मी "नाही" म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं, त्याचं पुढे येईलच. पण 2,850 रुपयांच्या सेटमधल्या अर्ध्या ग्रॅमसाठी हजाराच्या घरात खर्च करायचा, हे अंबडच्या टूलरूममध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला कोण पटवणार!

विमान साधंच आहे. बाराशे ग्रॅम, 4 सेलची, 2200 एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, लाइन्स हातासकट साधारण 19 मीटर, फेरी 5.3 सेकंदांची. आधी सगळ्यांसारखा टायमर होता. तो बाहेरून मागवायचा, कस्टम भरायचं, आणि एकदा बटण दाबलं की ठरलेली मिनिटं भरेपर्यंत मोटर आपलं ऐकत नाही. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये डिझेल इंजिनवर उडवायचो, तेव्हाही तेच. ईथर, रॉकेल आणि एरंडेलाचा तो वास आठवडाभर शर्टाला यायचा आणि टाकी संपेपर्यंत उतरायची सोय नाही. तीस वर्षांनी इलेक्ट्रिकवर आलो, वास गेला, बाकी तसंच. म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये रेडिओ घेतला.

घेतला तो विमानाचा दोन काड्यांचा रिमोट नव्हे, कारचा पिस्तुलासारखा. हा सल्ला मात्र मनापासून देतो. कारच्या रिमोटचा ट्रिगर डाव्या तर्जनीखाली असतो आणि चाक उजव्या हाताला. आपला उजवा हात हँडलमध्ये अडकलेला, चाकाचं काम नाही, डावा हात मोकळा. जणू आपल्यासाठीच केलाय. गळ्यात पट्टा नको की पोटावर डबा नको.

अडचण एवढीच की ट्रिगर सोडल्यावर कारच्या रिमोटचा सिग्नल मधोमध येतो आणि विमानाच्या ईएससीला (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटला) शून्य तळाशी हवं असतं. प्रॉप (पंखा) काढून, ट्रिगर पूर्ण ओढून बॅटरी जोडली, बीप आल्यावर ट्रिगर सोडला. माझ्या ईएससीने मधला बिंदू शून्य म्हणून मुकाट्याने घेतला. सगळेच घेतात असं नाही, आधी तपासा.

आता त्या स्प्रिंगबद्दल. पहिले दोन महिने मी तिला शिव्या घालत होतो. साडेपाच मिनिटं एका बोटाने अर्धा ट्रिगर धरून ठेवायचा म्हणजे बोटाला मुंग्या, आणि बोट जरा सैल पडलं की फेरी 5.3 वरून 5.8 वर. डोकं गरगरतंय, वारा गोदावरीकडून उलटा येतोय, लक्ष मात्र तर्जनीवर. नोव्हेंबरात एका पेपरवर मत लिहून ठेवलं होतं: 'रेडिओ चांगला, स्प्रिंग टाकाऊ.' मग भाचीचा केसांचा रबर ट्रिगरला गुंडाळला. बोट मोकळं, फेरी एकसारखी. मला वाटलं जिंकलो.

जानेवारीतल्या एका सकाळी, निफाडकडे पारा घसरल्याच्या बातम्या होत्या तेव्हा, बॅटऱ्या स्वेटरच्या आत धरून नेल्या होत्या. गार लायपो दम देत नाही, हे माहीत असेलच. उड्डाण छान चाललेलं, तेवढ्यात शेजारच्या द्राक्षबागेतला कुत्रा विमानाच्या सावलीमागे थेट वर्तुळात. मी ट्रिगर सोडला. काहीच झालं नाही. रबर! विमान वर खेचलं, कुत्रा खालून भुंकत फिरतोय, मी त्याच्याबरोबर फिरतोय आणि दातांनी रबर तोडायचा प्रयत्न करतोय. चार फेऱ्या गेल्या. बांधावरून बागवाले दादा ओरडत होते, "भाऊ, बंद करा ना ते!" बंद करण्यासाठीच तर पैसे मोजले होते.

त्या दिवशी रबर काढला आणि नोव्हेंबरचं मत खोडलं. बोट सोडलं की मोटर बंद, हे ह्या रिमोटचं एकमेव काम आणि ते स्प्रिंग करते. स्प्रिंग माझ्या रबरामुळे कमजोर झाली असेल का? असेल. तेच फोनवर सांगितलं नाही.

बोटाच्या मुंग्यांवर उपाय नंतर सापडला. रिमोटमध्ये थ्रॉटलची कमाल हद्द ठरवायचं सेटिंग आहे. पूर्ण ट्रिगर म्हणजे 5.3 ची फेरी, असं बसवलं. अर्ध्यावर तोलून धरण्यापेक्षा शेवटपर्यंत दाबून धरणं सोपं, आणि वेग आपोआप एकसारखा. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

विमान हळू उडवायची हौस असेल तर मात्र सांभाळून. 5.3 च्या फेरीला माझ्या हातावर सव्वातीन किलोचा ताण येतो. फेरी 8 सेकंदांवर आणली की तो दीड किलोच्याही खाली जातो. लाइन्स ढिल्या पडल्या की एलिव्हेटर, म्हणजे विमान वर-खाली नेणारी शेपटीची पट्टी, आपल्या हातात नाही. विमान डोक्यावर असताना मोटर बंद करणं तर अजिबातच नाही. आधी समतल, खाली आणा, मग बोट सोडा. लूप आणि आठच्या आकड्याच्या कसरती नेमाने मारणाऱ्यांनी टायमर आणि गव्हर्नर मोडवरच (ईएससी स्वतःच मोटरचा वेग सारखा राखते, त्यावर) राहावं. चढताना प्रॉपचा वेग सारखा राखणं माझ्या बोटाला जमलेलं नाही.

फेलसेफबद्दल एवढंच: सेट हातात आल्यावर, प्रॉप काढून, मोटर चालू असताना रिमोट बंद करून बघा. माझी मोटर फिरतच राहिली होती. सिग्नल तुटला की शून्यावर जा, हे विमानातल्या रिसीव्हरला आपण शिकवायचं असतं. माहितीपत्रकात ते शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

ज्यासाठी पैसे वसूल झाले ते वेगळंच निघालं. फेब्रुवारीत भाचा शिकायला लागला. हँडल त्याच्या हातात, रिमोट माझ्या, मी त्याच्या पाठीला चिकटून, दोघं एकत्र फिरतोय. तो गडबडला की मी "सरळ धर, सरळ धर" म्हणायचं आणि बोट सोडायचं. विमान गवतावर घरंगळत थांबतं. आमच्या एनसीसीच्या सरांकडे हे असतं तर माझी पहिली दोन विमानं वाचली असती. चाकं टेकवून पुन्हा उडायचं हे त्यालाच आधी जमलं, मला नाही. बोलायची सोय नाही.

हँडल उंच करून लाइन्स दाखवायची तयारी मात्र ठेवा. नाशिकमध्ये तोफखाना केंद्र, गांधीनगरचा लष्करी हवाईतळ, शेजारी ओझरचा विमानतळ, हातात रिमोट दिसला की "ड्रोन आहे का?" हा पहिला प्रश्न. टायमर होता तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आणि विजेच्या तारांच्या आसपास लाइन्स उलगडूसुद्धा नका, त्या पोलादी असतात.

सेट कुरिअरने पाठवला नाही. गच्चीवरच्या दोरीवरून प्लॅस्टिकचा एक छोटा चिमटा काढला. त्यातली स्प्रिंग त्याच जातीची, पिळाची. एक वेटोळं कमी केलं, पाय नोज प्लायरने वाकवून बसवले. ट्रिगर पूर्वीपेक्षा कडक झालाय, पण खटकन परत येतो. भाच्याच्या बोटाला जड पडतो म्हणून आणखी अर्धं वेटोळं कापायचा विचार आहे, त्यासाठी दुसरा चिमटा डब्यात ठेवलाय. आई मात्र परवापासून विचारतेय, "अरे, डझनातले दहाच कसे?"