मुंबई–कोल्हापूर विमान: अंतर 308 किलोमीटर, वेळ धरा चार तास

मुंबई विमानतळापासून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापर्यंत सरळ रेषेत साधारण 308 किलोमीटर. रस्त्याने हेच पावणेचारशेच्या आसपास, आणि रेल्वेने पुणे-मिरज करत 518. अंतर सांगणाऱ्या साइट्स 308 ला ताशी 800 ने भागतात आणि 23 मिनिटं सांगून मोकळ्या होतात. त्या आकड्यावर काहीही ठरवू नका. तिकिटावर तासाभराची वेळ असते, तीच धरून चाला.

बाकीची मिनिटं जातात कुठे? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. विमानाचं दार लागल्यावर रांगेत पंधरा-वीस मिनिटं जाणं नेहमीचंच. विमान वर जाऊन वेग धरतं न धरतं तोच उतरायला सुरुवात. त्यामुळे जेट मिळालं की पंख्याचं एटीआर विमान, याला या मार्गावर फारसं महत्त्व नाही. ताशी 500 नेही हिशोब 37 मिनिटांचाच होतो, जेटने वाचतात ती चौदा मिनिटं. परतीला मुंबईवर घिरट्या घालाव्या लागल्या तर तीही गेली.

दादरहून निघालात तर विमानतळापर्यंत पाऊण तास, दीड तास आधी हजर, एक तास विमान, बाहेर पडायला वीस मिनिटं आणि अंबाबाईच्या महाद्वारापर्यंत अर्धा तास. चार तास झाले. गाडीने सात-आठ, महालक्ष्मी एक्स्प्रेसने अकराच्या आसपास. सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या टर्मिनलवर उतरल्याने. टर्मिनल 1 आणि 2 चे रस्ते वेगळे आहेत, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकीट नीट वाचूनच टॅक्सी करा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मुंबईची धावपट्टी देखभालीसाठी दिवसा काही तास बंद असते. ती तारीख आधीच जाहीर होते, ती टाळा.

परतताना कांदा-लसूण मसाला चेक-इन बॅगेतच टाका. तिखट आणि लोणचं हातातल्या बॅगेत सापडलं की सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात, आणि घरचा मसाला असा कचऱ्यात जाताना पाहणं खरंच जिवावर येतं. पॉवर बँक मात्र उलट, हातातच ठेवायची. चेक-इनला बहुधा 15 किलोच चालतात, गुळाच्या ढेपा घेताना हे लक्षात असू द्या.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम असेल तर ही सेवा उत्तम. विमानतळ अगदी शेजारी आहे, उतरून थेट कामाला लागता येतं. फक्त अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसच बरी. रात्री झोप होते, सकाळी गाव गाठता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली उतरले की छोट्या विमानतळावरचं विमान आधी अडतं. त्या दिवसांत परतीसाठी रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीटही काढून ठेवा.