गर्डर भिंतीत घालण्याआधी काट्यावर घाला

49,720 रुपये. घरातल्या गर्डरच्या, म्हणजे भार पेलणाऱ्या लोखंडी तुळईच्या कामात एवढ्याला फसलो. आकडा पुरा लिहितोय, कारण पन्नास हजार म्हटलं की समोरचा "म्हणजे अंदाजेच ना" असं म्हणतो. अंदाजे नाही. 30,000 फोनवरून पाठवले आणि 19,720 रोख मोजून दिले. वर तेच काम दुसऱ्यांदा करून घ्यायला 68,500 गेले, ते वेगळेच.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं घर आहे, आजोबांच्या वेळचं. खाली मातीच्या जोडणीतल्या भाजक्या विटा, वर माडी, तिच्यावर कौलं. स्वयंपाकघर आणि माजघराच्या मधली भिंत काढून एकच मोठी खोली करायची होती. फरशी, गिलावा, रंग, भिंतीत गिट्ट्या मारून कपाटं टांगणं, ही सगळी कामं मी आणि पोरानं घरीच केली, आणि त्यात कुणी एक पैसा खाल्ला नाही. पण या भिंतीवर माडीच्या तुळया टेकल्यात हे मला ठाऊक होतं. म्हणून तर घण उचलण्याआधी जाणकार माणूस शोधला. "व्हिडिओ बघून भिंत पाडली असणार" असे टोमणे मारणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

माणूस कसा होता? स्वच्छ कपडे, हातात लेझरचं मशीन, कार्डावर 'स्ट्रक्चरल कन्सल्टंट'. भिंतीवर लाल रेघ मारली, तुळया मोजल्या, वहीत आकडेमोड केली. बोलणं असं की आपल्यालाच आपण अडाणी वाटावं. "साहेब, तुम्ही निवांत रहा" हे त्याचं पालुपद. कोटेशन हातानं लिहून दिलं: 12 फुटी, 150 मिलिमीटर उंचीचे दोन आय आकाराचे गर्डर, 110 किलो, 92 रुपयांनी 10,120. बेस प्लेट चार, 3,200. केमिकल अँकर (भोकात रसायनानं चिकटवायच्या सळया) 16, प्रत्येकी 650 प्रमाणे 10,400. जॅक आणि टेकूंचं भाडं 4,500. मजुरी 14,000. आणि 'स्ट्रक्चरल सर्टिफिकेट' 7,500. पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के वर. मी म्हटलं, राहू दे. आता कोण मला नावं ठेवतंय? ज्यानं आयुष्यात एकदाही कच्च्या बिलावर काम केलं नाही, त्यानंच ठेवावीत.

पण पक्कं बिल घ्याच. ते 18 टक्के म्हणजे पुढच्या भांडणाची फी समजा.

आता ज्या गोष्टीनं मला रात्री झोप येत नाही ती सांगतो. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. उभा जन्म वजनात गेला. तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, हमालाच्या पाठीवर कसा बसतो, त्याची पावलं कशी पडतात, हे मला पाठ आहे. गर्डर आणणारं पोरगं वीस-बावीस वर्षांचं, अंगानं काटकुळं. टेम्पोतून गर्डर ओढला, एकट्यानं खांद्यावर घेतला आणि कानाला फोन लावून बोलत बोलत बोळातून आत आलं. 150 च्या रोलिंग, म्हणजे कारखान्यात अखंड लाटलेल्या गर्डरचं वजन मीटरला साधारण 15 किलो. बारा फुटाला पंचावन्न होतात. पंचावन्न किलो खांद्यावर घेऊन कुणी फोनवर हसतं काय? माझ्या डोळ्यासमोरून ते तीस किलोच्या रव्यापेक्षा हलकं काहीतरी आत गेलं आणि मी त्याला "जपून रे, कोपऱ्याला लागेल" एवढंच म्हणालो.

म्हणजे बघा, विचारलं नाही असं नाही. विचारलं. "हलका वाटतोय हो?" तर लगेच उत्तर तयार: "साहेब, हाय-टेन्साईल आहे. वजनाला निम्मा, ताकदीला डबल." ताकदवान पोलाद असतं हे खरं. पण बिल लावलं होतं 110 किलोचं! निम्म्या वजनाचा माल असेल तर किलोही निम्मे व्हायला हवे होते. हा साधा हिशोब तेव्हा सुचला नाही, कारण माडी जॅकवर उभी होती, बायको खालच्या खोलीतून जायला घाबरत होती आणि मला ते टेकू एकदाचे निघालेले हवे होते. अशी घाई मुद्दाम तयार करतात हे लोक. आधी तुमचं घर टेकूवर उभं करायचं आणि मग माल दाखवायचा. माल आधी घरात येऊ द्या, तपासा, मगच जॅक लावू द्या.

मृगाचा पाऊस सुरू झाला, कौलं भिजून जड झाली आणि माडीचं दार अडकायला लागलं. लाकूड फुगलं असेल म्हणून रंधा मारला. मग गर्डरच्या वरच्या गिलाव्यात बोट जाईल अशी भेग पडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणला, तर गर्डर मध्ये 22 मिलिमीटर खाली आलेला. एवढ्या लांबीला दहा-अकरा मिलिमीटर हीच हद्द, असं नंतर खऱ्या इंजिनिअरनं सांगितलं.

उद्यमनगरातला एक ओळखीचा फॅब्रिकेटर बोलावला. त्यानं हातोडीनं दोनदा टकटक केलं, रेडॉक्साईड खरवडला आणि माझ्याकडे बघून नुसतं "भावा..." म्हणाला. तो गर्डर नव्हताच. दोन मिलिमीटरचा पत्रा वाकवून केलेल्या दोन सी आकाराच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून, मध्येमध्ये टाके मारून, वर लाल रंग फासला होता. खऱ्या रोलिंग गर्डरच्या पट्ट्या मधे जाड असतात, कडेला निमुळत्या होतात. वाकवलेला पत्रा सगळीकडे एकाच जाडीचा आणि बाहेरचा कोपरा गोल. कोपऱ्यावरून बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. टेकलेल्या टोकापाशी तर पत्र्याला चक्क सुरकुती पडली होती.

केमिकल अँकरचं तर विचारूच नका. नट आवळायला पाना लावला तर अख्खी सळईच गोल फिरायला लागली. हातानं ओढली, भोकातून विटेच्या भुकटीसकट बाहेर. तोंडाला बोटभर सिमेंटचा लेप, आत काहीच नाही. खरं केमिकल दोन भागांचं असतं, गनमध्ये ट्यूब घालून भरतात. त्याआधी भोक ब्रशनं घासून, हवा मारून भुकटी काढावी लागते, नाहीतर ते चिकटतच नाही. माझ्या घरी गन आलीच नाही. 16 पैकी 16 चे पैसे मात्र घेतले. आणि कहर म्हणजे मातीच्या जोडणीच्या भिंतीत अँकरवर भिस्त ठेवायचीच नसते. गर्डरच्या दोन्ही टोकांखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक घालून भार पसरवायला लागतो. दुसऱ्या वेळी तसंच केलं.

काढलेले दोन्ही गर्डर मी टेम्पोत घालून यार्डातल्या आमच्या काट्यावर नेले. एक 26 किलो 400 ग्रॅम, दुसरा 26 किलो 250 ग्रॅम. एकूण 52 किलो 650 ग्रॅम. हमाल हसत होते, हसू देत.

मग तक्रार. ठाण्यात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कॅल्क्युलेटर काढला, कमी भरलेले 57 किलो 350 ग्रॅम गुणिले 92 केले आणि म्हणाले, "म्हणजे पाच हजार दोनशे शहात्तरचा विषय आहे होय? हे दिवाणी आहे. वकील बघा." माडी कोसळून आम्ही खाली सापडलो असतो तर मग फौजदारी झालं असतं का? फोनवरून पाठवलेले पैसे त्या माणसाच्या नव्हे, भलत्याच नावाच्या खात्यात गेले होते, त्यावर "मग तुम्ही पाठवलेच का?" रोखीचा पुरावा नाही, हे तर त्यांनी दोनदा ऐकवलं. नुसता अर्ज घेतला, पोच मागितली तेव्हा शिक्का सापडेना.

तिथून बांधकामाशी संबंध असलेल्या एका कचेरीत. सर्टिफिकेट दाखवलं. त्यावरचा परवाना क्रमांक यादीत नाही. मला वाटलं, आता तरी काहीतरी होईल. तर बाई म्हणाल्या, "नंबर आमच्या यादीत नाही, म्हणजे तो माणूस आमचा नाही. आम्ही कारवाई कुणावर करणार?" आणि पुढचा प्रश्न: "भिंत काढायला परवानगी घेतली होती का तुम्ही?" चोर सोडून संन्याशाला फाशी! खोटा शिक्का मारून 7,500 घेणारा मोकळा, आणि नोटीस निघाली तर माझ्या घराला निघणार. हे लोक याच भीतीवर जगतात. विनापरवाना काम करून घेणारा माणूस ओरडणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. मी ओरडतोय.

ठाण्यात दिवाणी-दिवाणी ऐकवलं तर गप्प बसू नका. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये येते. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टानं पाठवली आणि पावती जपून ठेवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जायला लागतं. सुरुवातीला विचारपूस करायला 1915 हा ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. माझी आयोगातली तक्रार दाखल झाली आहे. कच्चं बिल, काट्याच्या पावत्या, दोऱ्याचे फोटो, सगळं लावलंय.

परवाना क्रमांक काम सुरू होण्याआधी यादीत बघा, नंतर नाही. ज्याचं काम त्याच्याच नावाच्या खात्यावर पैसे. गर्डर काट्यावर, कोपऱ्यावर बोट, टोकाला जाडी मोजायचा व्हर्नियर. तुमच्या घरात सध्या कुणी लाल रेघ मारत "निवांत रहा" म्हणत असेल तर त्याला आजच विचारा, माल तोलून देणार का. माझ्या माहितीप्रमाणे मला फसवणाऱ्या त्या 'कन्सल्टंट'नं फुलेवाडीच्या बाजूला नवं काम घेतलंय.