दूरस्थ एफपीजीए प्रयोगशाळा : एका सत्राच्या वापरानंतर

आमच्या महाविद्यालयाच्या डिजिटल प्रयोगशाळेत एफपीजीएचे, म्हणजे आतले सर्किट पुन्हा पुन्हा बदलता येणाऱ्या चिपचे, चार बोर्ड आहेत, त्यांपैकी दोन चालू आहेत आणि तिसऱ्या वर्षाला विद्यार्थी आहेत ६६. बावीस जणांच्या बॅचमध्ये एका बोर्डाभोवती अकरा डोकी जमली की पुढचे दोघे काम करतात आणि मागचे नऊ जण जर्नल उतरवून काढतात. तालुक्याच्या ठिकाणी ज्यांनी शिकवले आहे त्यांना हे दृश्य नवे नाही. म्हणून आमच्याच विद्यापीठाच्या कक्षेतील एका मोठ्या महाविद्यालयाने इतरांसाठी खुली केलेली दूरस्थ प्रयोगशाळा गेल्या सत्रात आम्ही शुल्क भरून घेतली. त्या महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि ही व्यवस्था तेथील दोन प्राध्यापक व एक प्रयोगशाळा सहायक आपापला तासिकाभार सांभाळून चालवतात.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. दूरस्थ प्रयोगशाळा म्हटले की आपल्याकडे केंद्र शासनाच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ या उपक्रमाची आठवण होते. अनेक आयआयटींच्या बरोबरीने पुण्याचे सीओईपीही ज्यात सहभागी आहे असा तो उपक्रम उपयुक्त आहे आणि विनामूल्यही आहे. परंतु त्यातील बहुतेक प्रयोग सिम्युलेशनचे आहेत, म्हणजे पडद्यावरचा दिवा पेटतो तो प्रोग्रॅमने पेटवला म्हणून. येथे ज्या सेवेचे परीक्षण करतो आहे तिच्यात दिवा खरा आहे. एका रॅकमध्ये बॅसिस-३ जातीचे सहा बोर्ड बसवलेले आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर एक कॅमेरा आहे, प्रत्येकाला एक लहानसे मायक्रोकंट्रोलर कार्ड जोडलेले आहे आणि या सगळ्यांमागे विवाडो हे चिपच्या निर्मात्याचे सॉफ्टवेअर चालवणारा एक सर्व्हर आहे. विद्यार्थी ब्राउझरमध्ये व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या सर्किट वर्णनाच्या भाषांत कोड लिहितो, सर्व्हर त्याची बिटस्ट्रीम, म्हणजे चिपवर चढवायची फाइल, तयार करतो, मोकळा बोर्ड मिळाला की ती जेटॅग या प्रोग्रॅमिंगच्या जोडणीतून त्यावर चढते. मग पडद्यावरच्या कळांवर क्लिक करायचे आणि एलईडी कॅमेऱ्यातून पाहायचे.

या सेवेतील सर्वांत चांगला निर्णय दिसायला अगदी साधा आहे : सिंथेसिस (कोडचे सर्किटात रूपांतर) आणि बोर्ड यांची त्यांनी फारकत केली आहे. साध्या चार बिटांच्या काउंटरलाही (मोजणी करणाऱ्या सर्किटलाही) कोडपासून बिटस्ट्रीमपर्यंत दोन-तीन मिनिटे लागतात, आणि त्यात अर्धविराम विसरल्याची दुरुस्ती, पुन्हा सिंथेसिस, पुन्हा चूक असे फेरे धरले की विद्यार्थ्याचा अर्धा तास सहज जातो. या संपूर्ण काळात बोर्डाचे काहीच काम नसते. बॅसिस-३ वरील आर्टिक्स-७ चिपची बिटस्ट्रीम जेमतेम २ मेगाबाइटची आहे, ती चढायला काही सेकंद पुरतात, आणि बोर्ड लागतो तो त्यानंतर. शिवाय विवाडो विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर बसवायचा म्हणजे कित्येक जीबी जागा रिकामी करावी लागते; ८ जीबी रॅमच्या यंत्रांवर तो कसा रडतो हे आमच्या विद्यार्थ्यांनी आधीच्या सत्रात अनुभवले होते. या वर्षी एकानेही तो उतरवून घेतला नाही, आणि केवळ एवढ्यासाठीच शुल्क वसूल झाले असे आमचे विभागप्रमुख म्हणतात. मी त्यांच्याइतका उदार नाही.

कारण बोर्डांची वाटणी. सत्राच्या पहिल्या निम्म्या भागात ही सेवा आरक्षणावर चालत होती : आधीच्या दिवशी अर्ध्या तासाचा स्लॉट घ्यायचा आणि त्या वेळी हजर व्हायचे. कागदावर ही पद्धत न्याय्य दिसते. प्रत्यक्षात रात्री नऊ ते अकराचे सगळे स्लॉट सकाळीच भरायचे, घेणाऱ्यांपैकी बरेच जण यायचेच नाहीत, आणि बाहेर मुले ताटकळत असताना कॅमेऱ्यात रिकामे बोर्ड नुसते लुकलुकत बसलेले दिसायचे. जे येत तेही निम्म्याहून अधिक वेळ कोडच दुरुस्त करत असत. आमच्या एका बॅचच्या नोंदी मी स्वतः चाळल्या. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये बोर्डावर खरोखर काही घडत होते ते पाच-सहा मिनिटे. सिंथेसिस वेगळे केल्याचा सारा फायदा आरक्षणाने असा गिळून टाकला होता.

हा प्रश्न काही आजचा नाही. एमआयटीत हेसुस देल आलामो यांनी १९९८ मध्ये ट्रान्झिस्टरची वैशिष्ट्ये इंटरनेटवरून मोजणारी वेबलॅब उभी केली, तेव्हा त्यांनी आरक्षणाची गरजच ठेवली नाही : मोजमापाचे तपशील पाठवा, यंत्र आपल्या क्रमाने मोजेल, आकडे परत येतील. स्पेनमध्ये बिल्बाओच्या द्यूस्तो विद्यापीठाची वेबलॅब रांगेवर चालते. ज्याचा क्रमांक लागला त्याला थोडा वेळ यंत्र मिळते आणि वेळ संपली की पुढच्याला. आमच्या सेवाचालकांनी मध्यसत्र परीक्षेनंतर हा दुसरा मार्ग धरला. आता बिटस्ट्रीम तयार झाल्याशिवाय रांगेत शिरताच येत नाही, पाळी आली की पाच मिनिटे बोर्ड मिळतो, आणि सहांपैकी कोणता मिळेल हे सर्व्हर ठरवतो. ज्या दिवशी हा बदल झाला त्या दिवसापासून आमच्याकडील कुरबुर जवळजवळ थांबली. सबमिशनच्या आठवड्यातसुद्धा रात्री दहा वाजता पाऊण तासापेक्षा अधिक थांबावे लागल्याचे कोणी सांगितले नाही, आणि तो पाऊण तास मुले दुसऱ्या प्रयोगाचे कोड लिहिण्यात घालवू शकत होती.

मात्र रांगेला वर्ग कळत नाही. आमच्या बॅचचे प्रॅक्टिकल मंगळवारी अकरा वाजता असते, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या तरी महाविद्यालयाची चाळीस मुले रांगेत शिरली की दोन तासांच्या प्रॅक्टिकलमधला पहिला तास वर्गात माश्या मारण्यात जातो. वेळापत्रकात असलेल्या वर्गासाठी दोन बोर्ड राखून ठेवावेत आणि उरलेले चार सर्वांसाठी रांगेत फिरवावेत, एवढी साधी तरतूद मी सुचवली आहे. देल आलामो यांच्या पद्धतीचा जोडमार्गही असावा : ज्याला फक्त अॅडर किंवा मल्टिप्लेक्सर यांसारखे साधे सर्किट तपासायचे आहे त्याने इनपुटची यादी पाठवावी, बोर्डाने दोन सेकंदांत ती चालवून आउटपुट परत द्यावे, आणि पाच मिनिटे अडवूच नयेत.

एका सहकाऱ्याने यावर निराळाच उपाय सुचवला, तो येथे नोंदवतो. या चिपवर २०,८०० लुकअप टेबल, म्हणजे सर्किट रचण्याचे छोटे घटक, आहेत आणि आमच्या मुलांचा काउंटर त्यांतील शंभरही वापरत नाही. मग चिपचे चार भाग करून, एक भाग चालू असताना दुसरा नव्याने भरण्याची जी आंशिक पुनर्रचनेची सोय आहे ती वापरून, एकाच बोर्डावर चार विद्यार्थी का बसवू नयेत? कल्पना मोहक आहे आणि तिच्यावर संशोधनही पुष्कळ होत असते. पण येथे तुटवडा लुकअप टेबलांचा नाही, चिपला कळा-दिव्यांशी जोडणाऱ्या पिनांचा आहे. बोर्डावर सात खंडांचे अंक चार, एलईडी सोळा. ते चौघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक अंक आणि चार दिवे. एका घरात चार चुली मांडण्यापेक्षा पाच मिनिटांची पाळी बरी, असे माझे मत आहे.

आता पिनांचाच विषय निघाला आहे तर ज्या गोष्टीने पहिले दोन आठवडे खाल्ले ती सांगतो. बोर्डावरच्या खऱ्या कळा सोल्डर केलेल्या असतात, त्या दुरून सरकवता येत नाहीत. म्हणून चालकांनी मायक्रोकंट्रोलरच्या तारा पीमॉडच्या, म्हणजे बाहेरची साधने जोडण्याच्या, खोबणींत खोचल्या आहेत आणि पडद्यावरची कळ प्रत्यक्षात त्या पिनेवर जाते. विद्यार्थी मात्र निर्मात्याची सर्वत्र उपलब्ध असलेली पिनांची फाइल उतरवून घेतात, जिच्यात पहिली कळ व्ही-१७ वर आहे. या प्रयोगशाळेत ती जे-१ वर आहे. परिणाम असा की कोड बरोबर, सिंथेसिस बिनचूक, बिटस्ट्रीम चढली, पडद्यावर कळ वर केली, आणि दिवा ढिम्म. व्ही-१७ वर बसलेली खरी कळ त्या रॅकमध्ये, कोणाचा हात न लागता, खाली पडलेली होती आणि आमचे सर्किट इमानेइतबारे तिचाच शून्य वाचत होते. एलईडीच्या पिना मात्र मूळच्याच आहेत, त्यामुळे गोंधळ अर्धवट आणि म्हणून अधिक त्रासदायक. सुधारित फाइल मदत पानाच्या तळाशी ठेवलेली आहे. ती नव्या प्रकल्पात आपोआप यायला हवी होती. त्यातही एक लाभ झाला, तो नाकारत नाही : पिनांची फाइल नुसती चिकटवायची नसते, वाचायची असते, हे मला वर्गात पुन्हा सांगावे लागले नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. एफपीजीएची रचना स्मृतीत असते, वीज गेली किंवा नवी रचना चढली की जुनी पुसली जाते. म्हणूनच एक बोर्ड दिवसभरात शंभर जणांना नवा करकरीत मिळू शकतो. पण पाळी संपल्यावर कोरी बिटस्ट्रीम चढवण्याचे काम सुरुवातीला या सेवेत होतच नव्हते. आमच्या एका विद्यार्थिनीची बिटस्ट्रीम काही कारणाने चढली नाही, तरी कॅमेऱ्यात काउंटर व्यवस्थित चालताना दिसला, तिने त्याचे छायाचित्र जर्नलमध्ये लावले आणि ओरलमध्ये मी विचारले की तुझ्या कोडमध्ये काउंटर वर मोजतो आणि चित्रात खाली कसा मोजतो. तो तिच्या आधीच्या कोणाचा तरी होता. तक्रार केल्यावर दोनच दिवसांत त्यांनी ही व्यवस्था केली, आणि बिटस्ट्रीम चढल्याची खूण आता पडद्यावर वेगळी दिसते.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. साध्या एलईडींसाठी तो पुरेसा आहे. चार अंकी डिस्प्लेवर मात्र अंक एकामागून एक पेटवले जातात आणि डोळ्यांना ते एकत्र दिसतात. कॅमेरा इतका भोळा नसतो. ज्यांनी अंक सावकाश फिरवले त्यांना कधी दोन, कधी तीन अंक दिसले आणि कोड चुकले असे वाटून त्यांनी नसत्या दुरुस्त्या केल्या. फिरवण्याचा वेग वाढवला की चित्र स्थिर होते, ही सूचना प्रयोगाच्या पानावरच हवी. पावसाळ्यात एका रात्री तिसऱ्या बोर्डाच्या कॅमेऱ्यावर पाल येऊन बसली होती. त्या पाळीतील विद्यार्थ्याने निरीक्षणाच्या रकान्यात तसे प्रामाणिकपणे लिहिले, आणि मी त्याला पूर्ण गुण दिले.

माझा खरा आक्षेप मात्र कळांच्या स्वच्छतेवर आहे. खरी कळ दाबली की तिचे पाते काही मिलिसेकंद थरथरते, आणि १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर एका मिलिसेकंदात १ लाख ठोके पडतात. त्यामुळे एकदा दाबले तरी काउंटर तीनवरून सातवर उडी मारतो. ही उडी पाहिल्याशिवाय डिबाउन्सिंग, म्हणजे ही थरथर गाळून टाकणे, का शिकायचे ते पटत नाही. या प्रयोगशाळेत कळ म्हणजे मायक्रोकंट्रोलरची पिन, ती थरथरत नाही. एका विद्यार्थ्याने सिग्नलची कडा ओळखणारा भाग ठेवून डिबाउन्सिंगचे मॉड्यूल काढून टाकले, काउंटर तरीही बिनचूक चालला, आणि त्याने मला विचारले, “सर, मग हे लावायचंच कशाला?” उत्तर देण्याऐवजी मी त्याला आमच्या जुन्या बोर्डाजवळ नेले आणि तेच कोड, पिना बदलून आणि बिटस्ट्रीम नव्याने तयार करून, चढवले. पहिल्याच दाबाला काउंटर पाचवर गेला. त्याने पुन्हा दाबले, तो नऊवर गेला. मग तो काही न बोलता जागेवर जाऊन मॉड्यूल परत जोडू लागला.

मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये हवी तेव्हा कृत्रिम थरथर घालणे हे फार तर वीस-तीस ओळींचे काम आहे, असे मी चालकांना कळवले आहे. ते करतील असे त्यांच्या आजवरच्या तत्परतेवरून वाटते.

प्रति विद्यार्थी सत्राला २५० रुपये हे शुल्क मला वाजवी वाटते. एका नव्या बोर्डाच्या किमतीत आमचे किती विद्यार्थी सत्रभर काम करतात याचा हिशेब लेखा विभागालाही पटला. पुढील सत्रासाठी आम्ही नोंदणी केली आहे, पण दहापैकी सात प्रयोगांपुरती. डिबाउन्सिंग, संगणकाशी सीरियल जोडणी आणि प्रतिसादकाळ मोजण्याचा प्रयोग, ज्यात इंटरनेटची दिरंगाईच मोजली जाते, हे तीन आमच्याच टेबलावर होतील. त्यासाठी बंद पडलेल्या बोर्डांपैकी एकाचे तुटलेले यूएसबी सॉकेट बस स्थानकासमोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतले. त्याने १५० रुपये घेतले, आणि हा कोणत्या कंपनीचा फोन आहे असे विचारले.